प्रस्तावना : कुणासाठी तरी विणताना

महाराष्ट्रात लोकरीची गरज तशी बेताचीच. निफाडला थंडीचा कडाका पडतो, नागपूरकडे जानेवारीत शेकोट्या पेटतात, पुण्यात दिवाळी सरली की सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कानटोप्या बाहेर येतात. पण मुंबईत आणि कोकणात स्वेटरचं बहुतेक आयुष्य डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं कपाटातच जातं. तरीही मराठी घरांत दोन-तीन पिढ्या सुया चालत राहिल्या. लोकलच्या लेडीज डब्यात, सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, दुपारच्या उन्हात गच्चीवर, दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसून बायका विणत राहिल्या. नुसत्या थंडीनं याचा उलगडा होत नाही. त्यांच्या हातातलं विणकाम स्वतःसाठी क्वचितच असायचं. भाचीचं बाळंतपण जवळ आलंय, भावाची दिल्लीला बदली झालीय, शेजारच्या आजोबांचे गुडघे थंडीत धरतात. पिशवीतल्या प्रत्येक गुंड्याला कुणाचं तरी नाव चिकटलेलं असायचं.

हे पुस्तक अशा भेटींचं आहे. यातले नमुने, मापं, टाक्यांचे हिशेब आणि आकृत्या लेखिकेनं चोख दिल्या आहेत. त्यांची वाखाणणी मी करत बसले तर पानं भरतील, पण प्रस्तावनेचं काम होणार नाही. मला बोलायचंय ते विणण्यातल्या आनंदाबद्दल. भेट देण्याच्या आनंदाबद्दल सगळेच बोलतात. कागद सुटतो, ‘अगं बाई, तू विणलंस?’ असा उद्गार निघतो, बाळाच्या डोक्यावर टोपडं चढवून फोटो काढले जातात. छान असतं ते, पण पाच मिनिटांत आटोपतं. त्याआधीचे तास विणणारीचे एकटीचे. हातानं विणलेल्या भेटीतला मोठा वाटा तिला तिथेच मिळून गेलेला असतो, आणि तो मिळाला असेल तर पुढे त्या मफलरचं काय होतं याची फिकीर तिनं करू नये, असं माझं मत आहे.

आधी हिशेब मांडू. मध्यम जाडीच्या लोकरीला साधारणपणे 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आणि 28 ओळी बसतात. 20 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असा साधा मफलर घेतला तर 40 टाक्यांच्या 420 ओळी, म्हणजे 16,800 टाके. बाळाचं 75 सेंटिमीटरचं चौकोनी पांघरूण म्हणजे 31,500. हात बसलेली बाई मिनिटाला 25 टाके घालते असं धरलं तर मफलरला अकरा तासांच्या वर लागतात आणि पांघरुणाला एकवीस तास. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी 2008 साली तीन मिनिटांत 262 टाके विणून जगात पहिला नंबर काढला होता. त्या वेगानं, पाणी प्यायलाही न उठता विणलं, तरी मफलरला तीन तास हवेतच. आणि यंत्राला? इंग्लंडच्या विल्यम ली यांनी मोजे विणणारं यंत्र 1589 सालीच बनवलं होतं. चांगल्या लोकरीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आज दुकानातून तयार मफलर आणता येतो. तेव्हा काटकसरीचं कारण पुढे करण्यात अर्थ नाही. हे अकरा तास खर्ची पडले म्हणायचं की हाती लागले म्हणायचं, एवढाच प्रश्न उरतो.

शिकताना ते खर्चीच पडतात, हे कबूल करायला हवं. सुई घामानं चिकटते, टाके इतके घट्ट बसतात की दुसरी सुई आत शिरत नाही, ओळीच्या शेवटी 40 चे 43 टाके कसे झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मग कधीतरी बोटांना कळतं. सुलट टाका आणि उलट टाका या एकाच फासाच्या दोन बाजू आहेत, पुढून बघितलं तर सुलट आणि मागून बघितलं तर उलट, हे एकदा डोळ्यांना दिसलं की मोजण्याचं ओझं कमी होतं. मन मोकळं होतं, पण उधळत नाही. हात त्याला हलकेच बांधून ठेवतात. दर ओळीला काम फिरवायचं असतं, दर काही ओळींनी माप बघायचं असतं. आणि माप आलं की माणूस आला.

सासऱ्यांसाठी मफलर विणायचा असेल तर ते तो गळ्याभोवती दोन वेढे घेतात की नुसता खांद्यावर टाकतात, हे आठवावं लागतं. त्यांना लोकर टोचते का? पांढरा रंग घेतला तर दुसऱ्या दिवशी चहाचा डाग पडेल का? धुणार कोण, ते स्वतः की वॉशिंग मशीन? मैत्रिणीसाठी हातमोजे करायचे तर तिची बोटं डोळ्यांसमोर आणावी लागतात, आणि वीस वर्षांच्या ओळखीनंतर लक्षात येतं की आपण तिची बोटं कधी नीट पाहिलेलीच नाहीत. ज्या माणसासाठी विणायचं त्याचा असा सलग विचार एरवी आपण कधी करतो? फोनवर बोलताना अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं. विणताना तो माणूस त्या अकरा तासांपुरता तरी आपल्याजवळ बसलेला असतो. भांडण झालेल्या नणंदेसाठी स्वेटर विणायला बसलेली बाई मुंढ्यापर्यंत पोचता पोचता बरीच निवळलेली असते. हे मी पाहिलं आहे. अर्थात पाठ विणून झाल्यावर काम तसंच टाकून दिलेलंही पाहिलं आहे.

विणकामात रमण्याचं दुसरं कारण थोडं गणिती आहे. बायकांच्या कामात गणित असतं हे कुणी चटकन मान्य करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. पायमोज्याची टाच घ्या. पायाची पोटरी नळीसारखी, तळवाही नळीसारखा. पण दोघांमध्ये काटकोन. सरळ विणलेली पट्टी काटकोनात वळवायची कशी? टाचेची पट्टी विणून झाली की पुढची ओळ शेवटपर्यंत न्यायची नाही. मध्याच्या जरा पुढे जायचं, दोन टाक्यांचा एक करायचा, आणखी एक टाका विणायचा आणि उरलेले टाके सुईवर तसेच सोडून काम फिरवायचं. परतीच्या ओळीतही तेच. पहिला टाका न विणता उचलायचा, मध्याच्या पलीकडे थोडं जायचं, दोनाचा एक, पुढे एक टाका, की पुन्हा फिरायचं. दर फेरीला सोडून दिलेल्या टाक्यांतला एकेक जोडीला घेत जायचं. चार-सहा ओळी काहीच घडत नाही. मग अचानक हातातली सपाट पट्टी मधोमध फुगते आणि तिची वाटी होते. अंगठा आत घातला तर टाच बसावी तसा बसतो. कात्री लावलेली नाही, शिवण घातलेली नाही, एका सलग धाग्यानं स्वतःलाच वळण दिलंय. पहिल्यांदा टाच वळली की बायका घरभर दाखवत सुटतात, आणि घरातल्यांना त्यात काय विशेष ते कळत नाही. त्याला इलाज नाही.

असाच चमत्कार एलिझाबेथ झिमरमन यांच्या बाळकोटात आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिलेल्या या बाईंनी 1968 साली तो रचला. सगळा कोट एकाच तुकड्यात विणायचा. विणताना त्याला काही आकारच नसतो. टाके कुठे घटतात, कुठे वाढतात, आणि हातात एक बेढब फडकं वाढत जातं. टाके बंद करून त्याला दोन घड्या घातल्या की बाह्या, पुढचे दोन भाग, पाठ सगळं जागच्या जागी येतं, आणि शिवण लागते ती फक्त दोन्ही खांद्यांवर. झिमरमनबाईंनी 1971 मध्ये विणकामावर पुस्तक लिहिलं आणि नमुन्याच्या हुकुमात राहू नका, स्वतः हिशेब करा, असं एका पिढीला शिकवलं. आपल्याकडच्या जाणत्या बायका दुसरं काय करत होत्या? महिला मासिकांच्या हिवाळी अंकांतला नमुना बघायचा, ‘आमच्या बंड्याच्या मापाला चार टाके जास्त लागतील’ म्हणायचं आणि आपल्या मनानं पुढे जायचं.

आणि चुकलं तर? शिवणकामात कापड कापलं की कापलं. विणकाम पूर्णपणे मागे घेता येतं. एक टाका गळाला तर तो ओळीओळींतून खाली पळत जातो आणि मागे शिडी सोडतो. पण क्रोशाच्या सुईनं शिडीची एकेक पायरी त्या फासातून ओढून घेतली की तो पुन्हा वर येतो आणि कुठून पळाला होता ते दाखवताही येत नाही. मोठीच चूक असेल तर सगळं उसवायचं. मराठी घरांत जुने स्वेटर उसवून खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळायची, धुवायची, ओली असतानाच खाली वजन अडकवून वाळवायची, म्हणजे लोकरीतले वळसे निघतात, आणि मग त्याच लोकरीचा धाकट्यासाठी नवा स्वेटर विणायचा अशी पद्धत होती. काकाच्या स्वेटरमधून पुतण्याचा स्वेटर निघे, त्यातून उरलेल्या लोकरीची बाहुलीला टोपी होई.

आता एक सावधगिरीची गोष्ट. विणकामाचं इतकं गुणगान ऐकलं की वाटतं, आनंद सुयांमध्येच भरलेला असतो. तसं नाही. शेटलंड बेटांवरच्या बायका अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणत. ती कारागिरी आजही लोक तोंडात बोट घालून बघतात. पण एकोणिसाव्या शतकात त्या शाली आणि मोजे घेऊन या बायका व्यापाऱ्याकडे जात तेव्हा त्यांच्या हातावर पैसे पडत नसत. चहा, कापड, दुकानात जे असेल ते मोबदला म्हणून घ्यावं लागे. 1872 साली ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या चौकशीत हे सगळं नोंदलं गेलं. टाके तेच, सुया त्याच, कदाचित आपल्यापेक्षा कितीतरी सरस हात. पण चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न टाक्याटाक्याला असेल तर रमायचं कशात? आपल्याकडेही स्वेटर विणून देऊन घर चालवलेल्या बायका होत्या. एका स्वेटरमागे त्यांना काय मिळायचं हे त्या काळात ज्यांनी विणून घेतलं त्यांनी आठवून बघावं. म्हणून विणकामाच्या आनंदावर लिहिताना मी ‘भेट’ हा शब्द सोडायला तयार नाही. कुणासाठी, काय आणि कधीपर्यंत हे जिचं तिनं ठरवलेलं असतं, तिथेच तो आनंद लागू होतो.

या आनंदाचा पुरावा म्हणून हल्ली संशोधनाचे दाखले दिले जातात. 2013 मध्ये व्यवसायोपचाराच्या एका ब्रिटिश नियतकालिकात साडेतीन हजार विणकर मंडळींची पाहणी आली होती. वारंवार विणणाऱ्यांना शांत आणि प्रसन्न वाटतं, असं त्यात आढळलं. आढळणारच. ज्यांना विणायला आवडतं त्यांनाच विचारलं होतं. मला या पाहण्यांचं वावडं नाही, पण विणकामाला औषधाच्या बाटलीत भरायची गरज वाटत नाही.

भेट म्हणून विणण्याची परंपरा फार जुनी आहे आणि तिचं सगळ्यात सुंदर चित्र हँबुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. माइस्टर बर्ट्राम यांच्या चित्रशाळेतून इसवी सन 1400 च्या सुमारास बुक्स्टेहुडच्या मठासाठी तयार झालेल्या वेदीवर मेरी विणताना दाखवली आहे. चार सुयांवर, गोल, बिनशिवणीचा अंगरखा. बाळ येशू शेजारी आहे, देवदूत आलेले आहेत, आणि ती विणतेय. गळ्याचे टाके सुयांवर आहेत, म्हणजे काम संपत आलंय. देवाच्या आईलाही मुलाच्या मापाचा अंगरखा स्वतः विणावासा वाटतो हे चित्रकाराला सुचलं, यात मला मोठी गंमत वाटते.

बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियात तर लग्नच विणकामावर उभं असायचं. मुलगी लहानपणापासून हातमोजे विणून पेटारा भरायची, आणि लग्नात ते सासरच्या माणसांना आणि पाहुण्यांना वाटले जायचे. प्रत्येक भागाची नक्षी वेगळी, रंग वेगळे. ही सवय त्या देशाच्या इतकी अंगात मुरली आहे की 2006 च्या नोव्हेंबरमध्ये रिगा शहरात ‘नाटो’ची शिखर परिषद भरली तेव्हा आलेल्या पाहुण्यांना हातानं विणलेल्या हातमोज्यांचे 4,500 जोड भेट दिले गेले. आपल्या रुखवताची आठवण यावी अशी ही चाल आहे. फरक एवढाच की रुखवत मांडायचं आणि बघायचं, हातमोजे वाटून टाकायचे. रुखवतातलं नवरीच्या हातचं किती आणि मावशीच्या हातचं किती हे आपण विचारत नाही. लॅटव्हियातही फार वेगळं नसावं.

1962 च्या हिवाळ्यात आपल्या देशानं वेगळ्या प्रकारची भेट विणली. चीनशी युद्ध पेटलं, हिमालयात जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत लढताहेत अशा बातम्या आल्या, आणि देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणायला घेतल्या. ज्याच्यासाठी विणायचं त्याचं नाव माहीत नाही, छातीचं माप माहीत नाही, तो जिवंत असेल का तेही माहीत नाही. याला आनंद म्हणावं का? मी दिलासा म्हणेन. दूरच्या संकटात आपल्या हातांना काही काम आहे, एवढा दिलासा. सैन्याला तयारीनिशी पाठवणं हे सरकारचं काम होतं आणि ते स्वयंपाकघरातल्या सुयांनी भरून निघणारं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे मात्र विणून भेट द्यायची खरी जागा बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू या पसाऱ्यात लोकरीचा संच कधी येऊन बसला ते कुणी बघितलं नाही; पण गेल्या शतकात तो असा बसला की त्याशिवाय बाळंतविडा पुरा वाटेना. सिनेमात नायिका इवलंसं काहीतरी विणताना दिसली की थिएटरमधल्या शेवटच्या रांगेपर्यंत बातमी पोचायची, नायकाला तेवढी शेवटी कळायची. या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण बाळंतविड्याचं आहे, आणि ते योग्यच आहे. छोटी वस्तू लवकर होते, कंटाळा यायच्या आत होते, आणि बाळ तिला नावं ठेवत नाही.

इथे रंगाबद्दल एक मजेशीर गोष्ट. आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, आणि ती का आणावी लागली हे आपण जाणतोच. त्यामुळे आधीपासून विणायला बसलेली आजी अजूनही पिवळा, पोपटी, पांढरा असे कुणालाही चालतील ते रंग निवडते. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या आजीला मुलगा की मुलगी हे फोनवर आधीच कळलेलं असतं. तरी तिच्या बॅगेत पिवळा संच असतो. गुलाबी-निळ्याच्या वाटणीत न पडलेला तो पिवळा रंग मला फार आवडतो.

त्या आजीला एक इशारा. आपल्याकडच्या सुयांवर अजून जुने ब्रिटिश नंबर असतात. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाडीची, 10 नंबरची सव्वातीन. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकेत उलटा कारभार आहे, तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. तिकडच्या दुकानातून नंबर बघून सुया आणल्या तर बाळाची टोपी बाळाच्या बापाला होईल. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

लोकरीबद्दलही थोडं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. धनगरांच्या घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पाऊस अंगावर घ्यावा तो तिनंच. पण बाळाच्या गालाला ती लावता येत नाही. दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं. त्याला नाक मुरडणाऱ्या बायका मला माहीत आहेत. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आक्रसून खेळण्यातल्या अस्वलाला होईल एवढा उरतो. रात्रभर जागून दमलेल्या नव्या आईच्या हाती असलं नाजूक काम देणं म्हणजे भेट नव्हे, शिक्षा. मशीनमध्ये धुता येईल ते द्यावं. फक्त अ‍ॅक्रिलिक आगीजवळ वितळतं, म्हणून भांडी धरायचे रुमाल त्याचे करू नयेत. त्याला सुती धागाच बरा.

मापाचंही असंच आहे. नवजात बाळाचं डोकं साधारण 35 सेंटिमीटर घेराचं असतं, आणि ते बघता बघता वाढतं. एप्रिलमध्ये येणाऱ्या बाळासाठी नवजात मापाचा स्वेटर विणू नका. मुंबईच्या उकाड्यात तो कुणी घालणार नाही आणि थंडी पडेपर्यंत बाळ त्यात मावणार नाही. जन्माच्या महिन्यापासून डिसेंबरपर्यंत बोटं मोजा आणि त्या वयाचं माप धरा.

हे काम फक्त बायकांचंच, असं समजायचं कारण नाही. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुष विणतात, मुलगे लहानपणीच सुया हातात घेतात, आणि त्या बेटाच्या वस्त्रकलेला ‘युनेस्को’नं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली आहे. एखाद्या वाचकानं बायकोसाठी म्हणून हे पुस्तक विकत घेतलं असेल, तर देण्याआधी पहिली वीस पानं स्वतः करून बघायला हरकत नाही.

आनंदाच्या वाटेत दोन धोंडे असतात, तेही सांगते. पहिला तारखेचा. लग्न आठवड्यावर आलंय आणि शालीचा काठ अर्धा राहिलाय, अशा वेळी विणणारी स्वतःच्याच भेटीची वेठबिगार होते. ज्या रात्री जागून काम पुरं केलं त्या रात्रीचे टाके घट्ट येतात, ते शालीवर कायमचे दिसतात. त्यापेक्षा लग्नात पाकीट द्यावं आणि शाल पहिल्या दिवाळसणाला. दुसरा धोंडा अपेक्षेचा. अमेरिकेतल्या विणकर मुलींमध्ये एक समजूत आहे की प्रियकरासाठी स्वेटर विणायला घेतला की स्वेटर पुरा व्हायच्या आत प्रेम मोडतं. त्यात जादूटोणा काही नसावा. इतके तास घातल्यावर समोरच्यानं तो स्वेटर रोज घालावा, सगळ्यांना दाखवावा असं वाटू लागतं, आणि कुणाच्याही प्रेमाला तेवढं वजन पेलत नाही. तुम्ही विणलेली शाल सून वापरत नसेल तर तिला विचारू नका. ते विणण्याचे तास तुम्ही उपभोगलेत, तिच्याकडे तुमचं काहीही येणं नाही. तिनं ती शाल कामवाल्या मावशींना दिली असेल आणि त्या थंडीत पांघरत असतील, तर उत्तमच झालं.

पुस्तक कुठूनही वाचायला घ्या, पण सुरुवात मोठ्या स्वेटरनं करू नका. पहिल्यांदाच सुया धरत असाल तर ‘सरळ मफलर’ या प्रकरणाशी बसा. फिकट रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळ्या रंगावर चुका दिसत नाहीत आणि टाकेही दिसत नाहीत. 20 टाक्यांचा एक चौकोन आधी विणून मोजून बघा. त्या चौकोनाचा कंटाळा ज्यांनी केला त्यांचे स्वेटर कुणालाच बसले नाहीत. आणि भेट देताना त्याच लोकरीचा एक छोटा गुंडा आणि कसं धुवायचं याची चिठ्ठी सोबत ठेवा. पुढे कुठे भोक पडलं, टाका सुटला, तर ज्याला भेट दिली त्याला ती दुरुस्त करून घेता येईल.